विज्ञानकथेतला माणूस किती वर्षं जगेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भविष्यातली कथा सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुणीतरी "हल्ली माणसं तीनशे वर्षं जगतात" असं सांगून टाकतं आणि कथा पुढे सरकते. तो आकडा आला कुठून आणि त्यामुळे त्या जगात काय काय उलटंपालटं झालं, याचा नंतर पत्ताच नसतो. विज्ञानकथा लिहिणारे आणि ती बारकाईने वाचणारे, दोघेही याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत.

"सरासरी आयुर्मान ३०० वर्षं" म्हणजे सगळे ३०० च्या आसपास मरतात का?

नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. १९०० च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आज ते ७३ च्या आसपास आहे. यावरून तेव्हाची माणसं तिशीत म्हातारी होऊन मरत होती असं समजणं चुकीचं आहे. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं तेव्हाही होती. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांची संख्या प्रचंड होती, तिने सरासरी खाली ओढली होती. स्वच्छ पाणी, लसी, प्रतिजैविकं यांनी मुलं वाचली आणि आकडा भराभर चढला.

लेखकाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही युक्ती एकदाच वापरता येते. जिथे बालमृत्यू जवळजवळ संपले आहेत, तिथे पुढची वाढ म्हाताऱ्या माणसांची वर्षं वाढवूनच मिळवावी लागते, आणि ते काम कितीतरी अवघड आहे. त्यामुळे "गेल्या शतकात आयुष्य दुप्पट झालं, म्हणजे पुढच्या शतकात पुन्हा दुप्पट" हा हिशेब कथेतल्या शास्त्रज्ञाच्या तोंडी घालू नका. जाहिरात करणाऱ्याच्या तोंडी खुशाल घाला.

बाळ जन्मल्यावर सांगितलेलं आयुर्मान खरं ठरतं का?

बहुतेकदा नाही. नेहमी छापून येणारा आकडा असा काढतात: या वर्षी प्रत्येक वयाच्या माणसांचा जो मृत्युदर आहे, तोच या बाळाला जन्मभर लागू राहील असं धरायचं. म्हणजे हे बाळ ऐंशी वर्षांचं होईल तेव्हाही आजचीच औषधं असतील, असं गृहीत धरलेलं असतं. वैद्यकशास्त्र दर दहा वर्षांनी कूस बदलतं अशा जगात त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. कागदावर ११० वर्षांचं आयुर्मान घेऊन जन्मलेली मुलगी ४०० वा वाढदिवस साजरा करू शकते. उलटही होऊ शकतं, त्याबद्दल पुढे येईलच.

मग आकडा ठरवायचा तरी कसा?

आयुर्मानाचा आकडा आधी ठरवूच नका. आधी ठरवा, त्या जगात कोणत्या वयाच्या माणसाला एका वर्षात मरण येण्याची शक्यता किती आहे. बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं.

बेंजामिन गॉम्पर्ट्झ हे लंडनमधले विम्याचे गणिती. त्यांनी १८२५ मध्ये दाखवलं की वय वाढतं तसा मृत्यूचा धोका सरळ रेषेत नाही, पटीपटीने वाढतो. आजच्या माणसांत तिशीनंतर साधारण दर आठ वर्षांनी तो दुप्पट होतो. १८६० मध्ये विल्यम मेकहॅम यांनी त्यात वयाशी संबंध नसलेला एक स्थिर भाग जोडला. अपघात, हिंसा, पूर, साथ, जे विसाव्या वर्षीही येऊ शकतं आणि सत्तराव्याही. म्हणजे लेखकाच्या हातात दोन कळा, दोन बटणंच म्हणा, आहेत. पहिली दुपटीचा वेग ठरवते, दुसरी त्या स्थिर धोक्याची पातळी.

बहुतेक लेखक पहिली कळ बंद करतात आणि दुसरी विसरतात. समजा म्हातारपण पूर्ण थांबलं आणि उरला फक्त स्थिर धोका, वर्षाला हजारात एक. मग सरासरी आयुष्य हजार वर्षांचं होतं. पण निम्मी माणसं ६९३ वर्षांच्या आतच गेलेली असतात. एक लाख जणांपैकी सुमारे पाच हजार ३,००० वर्षांपर्यंत पोहोचतात आणि दहा हजाराव्या वर्षी चार-पाच जण उरतात. धोका आणखी दहा पटींनी कमी केला, म्हणजे सुरक्षित आणि श्रीमंत देशांत आज दहा वर्षांच्या मुलाला असतो साधारण तेवढा, तर सरासरी दहा हजार वर्षांवर जाते.

या जगाचा विचित्रपणा नीट बघा. नऊशे वर्षांच्या बाईला आणि तीस वर्षांच्या तरुणाला उद्या मरण येण्याची शक्यता अगदी सारखी आहे. कुणाची "वेळ झाली" असं कधीच होत नाही. आपल्याकडे नव्वदीतलं कुणी गेलं तर पिकलं पान गळालं म्हणून माणसं स्वतःची समजूत घालतात. तिथे ती सोय नाही, तिथला प्रत्येक मृत्यू अकाली आहे. अशा समाजात शोक कसा करतात, मृत्युपत्र कोण करतं, कधी करतं, यावर एक अख्खी कादंबरी उभी राहील. तरी लेखक वळतात ते पुन्हा अमरत्वाच्या गोळीकडेच.

पण माणसाच्या शरीराला काही कमाल मर्यादा असेलच ना?

खात्रीशीर नोंद असलेलं सर्वात मोठं वय फ्रान्समधल्या जान काल्माँ यांचं: १२२ वर्षं आणि १६४ दिवस. त्या १८७५ मध्ये जन्मल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. पुरुषांत जपानचे जिरोएमोन किमुरा ११६ पर्यंत पोहोचले. काल्माँ यांचा विक्रम इतकी वर्षं मोडलेला नाही, यावरून मर्यादा आलीच असं काही जण मानतात. २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने ही मर्यादा साधारण ११५ च्या आसपास असल्याचं मांडलं आणि त्यावर जोरदार वाद झाला. २०१८ मध्ये इटलीतल्या १०५ च्या पुढच्या माणसांच्या अभ्यासात उलटं चित्र दिसलं. त्या वयानंतर धोका वाढायचा थांबतो, पठारावर आल्यासारखा स्थिर राहतो.

मात्र त्या पठाराची उंची भयंकर आहे. दरवर्षी साधारण निम्मी माणसं जातात. म्हणजे प्रत्येक वाढदिवस नाणं उडवून ठरतो. ११० व्या वर्षापासून १२२ पर्यंत पोहोचायला सलग बारा वेळा छापा पडावा लागेल, आणि तशी शक्यता ४,०९६ मध्ये एक. भिंत कुठेच नाही, तरी पलीकडे कुणी दिसत नाही, याचं कारण हे.

२००० मध्ये स्टीव्हन ऑस्टॅड आणि जे ओलशान्स्की या दोन संशोधकांनी यावर पैजही लावली. तेव्हा जगात असलेल्यांपैकी कुणी २१५० पर्यंत १५० वर्षं पूर्ण करेल का? ऑस्टॅड हो म्हणाले, ओलशान्स्की नाही. दोघांनी दीडदीडशे डॉलर गुंतवून ठेवले आणि पुढे त्यात भर घातली. रक्कम जिंकणाऱ्याच्या वारसांना मिळायची आहे.

कॅन्सर पूर्ण बरा झाला तर आयुष्य किती वाढेल?

विकसित देशांत सुमारे तीन वर्षं. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण गणित सरळ आहे. कॅन्सरने जाणाऱ्यांत बहुतेक जण उतारवयातले असतात, आणि त्या वयात हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया रांगेत उभेच असतात. एकाला हाकललं की दुसरा पुढे सरकतो. वर सांगितलेली दुपटीची कळ तशीच चालू ठेवून एकेक रोग जिंकत गेलं तर प्रत्येक विजयाचं फळ आधीच्यापेक्षा लहान मिळतं. म्हणून "सगळे रोग संपले आणि माणूस ५०० वर्षं जगू लागला" हे वाक्य लंगडं आहे. रोगांच्या खालचं म्हातारपण हलवल्याशिवाय तो आकडा येत नाही.

म्हातारपण थांबवणारं कोणतं विज्ञान कथेत पटेल?

टेलोमिअर एवढं वापरून झालं आहे की आता चोथा उरलाय. तरी ते समजून घ्यावं. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागल्या की थांबतात. पेशी अमर असतात हा त्याआधीचा समज त्याने मोडला. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं झिजतात, ही टोकं म्हणजे टेलोमिअर. टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) ती पुन्हा बांधतं. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शॉस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

मग टेलोमरेजचं इंजेक्शन दिलं की झालं? तेच विकर बहुतांश कॅन्सरच्या पेशींनीही चालू करून घेतलेलं असतं, त्याच्याच जोरावर त्या न थांबता वाढतात. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा खूप लांब असतात आणि ते जगतात दोन-तीन वर्षं. टोकं लांब म्हणजे आयुष्य लांब, हे समीकरण इथेच फसतं.

त्यापेक्षा रसाळ विषय पेशीचं घड्याळ मागे फिरवण्याचा आहे. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी फक्त चार जनुकं चालू करून प्रौढ उंदराच्या पेशींना मूलपेशींसारखं बनवलं आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. पेशीला आपण त्वचेची की यकृताची, हा विसर पडतो आणि वयही पुसलं जातं. जिवंत उंदरात हे जास्त वेळ चालू ठेवलं तर शरीरभर गाठी होतात. थोडा वेळ चालू, मग बंद, असं करून अकाली वार्धक्याचा आजार असलेल्या उंदरांचं आयुष्य वाढल्याचं २०१६ मध्ये दिसलं. आता कथेचं बघा. उपचार एक दिवस जास्त झाला तर माणूस तरुण होण्याऐवजी त्याचं यकृत आपण यकृत आहोत हेच विसरतं. याहून चांगला पेच मिळणार नाही.

बाकी थोडक्यात. १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके यांनी दाखवलं की कमी पण सकस खाणं मिळालेले उंदीर जास्त जगतात. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने एका जनुकातल्या बदलाने सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीचं आयुष्य दुप्पट करून दाखवलं. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेलं रॅपामायसिन उतारवयातल्या उंदरांना दिलं, तरी त्यांचं कमाल आयुष्य माद्यांत सुमारे १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढलं, हा प्रयोग २००९ चा. प्राणी जितका साधा तितका फायदा मोठा, असा कल दिसतो. कृमीचं दुप्पट झालं म्हणून माणसाचं होईल, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते पात्र खलनायक असू द्या.

निसर्गात खूप जगणारे प्राणी आहेत. त्यांचं गुपित उसनं घेता येईल?

ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यातल्या भिंगाच्या अभ्यासावरून २०१६ मध्ये एका मादीचं वय सुमारे ३९२ वर्षं, आणि कमीत कमी २७२ तरी, असं काढण्यात आलं. बोहेड देवमासे दोनशे ओलांडतात. आइसलंडजवळ सापडलेला एक शिंपला ५०७ वर्षांचा निघाला. ही मंडळी थंड पाण्यात राहतात आणि शार्क, शिंपला तर अतिशय सावकाश जगतात. ग्रीनलंड शार्कची मादी वयात यायलाच साधारण दीडशे वर्षं लागतात असा अंदाज आहे. हा सौदा माणसाला मानवेल का, हा प्रश्न कथेत विचारण्यासारखा आहे.

मला त्यांच्याहून नेकेड मोल रॅट जास्त भावतो. उंदराएवढा, दिसायला कुरूप, जमिनीखाली राहणारा हा प्राणी तीस वर्षांहून जास्त जगतो आणि वय वाढलं तरी त्याचा मृत्यूचा धोका वाढताना दिसत नाही. गॉम्पर्ट्झची कळ निसर्गाने एका सस्तन प्राण्यात जवळपास बंद करून ठेवली आहे.

अवयव बदलत राहिलं तर?

हृदय, मूत्रपिंड, यकृत, त्वचा, सगळं बदला. अडतं ते मेंदूपाशी.

१९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, वाढलं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरलं. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेतलं प्रमाण तिच्या डीएनएत कायमचं नोंदलं जातं. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी ही नोंद वाचली. आतड्याच्या, रक्ताच्या पेशी ताज्या निघाल्या. मेंदूच्या बाह्य पटलातल्या मज्जापेशी मात्र त्या माणसाइतक्याच जुन्या होत्या. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यात सत्तर वर्षांच्याच पेशी विचार करत असतात, आणि आठवणी त्यांच्या जोडण्यांतच असतात. पेशी बदलली की जोडणीही गेली. ३०० वर्षांच्या पात्राला बालपण लख्ख आठवतं असं लिहायचं असेल, तर हे कसं जमलं ते एका वाक्यात तरी सांगा. नाहीतर त्याला ते आठवू देऊ नका. मला दुसरा पर्याय जास्त खरा वाटतो.

मन संगणकात उतरवलं तर ते आयुष्य धरायचं का?

सी. एलेगन्सच्या ३०२ मज्जापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये पूर्ण छापला गेला. प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे १.४ लाख पेशींचा, २०२४ मध्ये. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शिवाय नकाशा हाती आला म्हणजे मन चालू झालं असं नाही. ३०२ पेशींच्या त्या कृमीचं वागणंही संगणकात अजून पूर्ण उतरलेलं नाही.

धरायचं की नाही, हे तुमच्या कथेतल्या कायद्याने ठरवावं. प्रत चालू झाली आणि मूळ माणूस समोर खुर्चीत बसून तिच्याकडे बघतोय, अशा प्रसंगात "मी वाचलो" असं मूळ माणूस म्हणेल असं मला वाटत नाही. मात्र एक सोय आहे: दर आठवड्याला प्रत काढून ठेवणाऱ्या समाजात अपघाती मृत्यू म्हणजे जास्तीत जास्त आठवडा हरवणं. स्थिर धोक्याची कळ इथे पहिल्यांदा शून्याजवळ येते.

गोठवून झोपणं किंवा प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केल्याने आयुष्य वाढतं का?

पंचांगातलं वाढतं, जगलेलं नाही. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष गेलं तर मागे राहिलेल्यांची सात जातात. यानातल्या बाईला मिळालेलं वर्ष मात्र एकच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सहा महिने राहिलेला अंतराळवीर सुमारे पाच सहस्रांश सेकंदांनी तरुण राहतो, आणि तेवढ्या काळात त्याची हाडं दरमहा एक ते दीड टक्का झिजू शकतात.

गोठवण्याबद्दल सांगायचं तर मृत्यूनंतर गोठवून ठेवलेला पहिला माणूस १९६७ पासून तसाच आहे. कुणालाही परत उठवलेलं नाही. २०२३ मध्ये उंदराचं मूत्रपिंड काचेसारखं गोठवून शंभर दिवसांपर्यंत ठेवलं, मग तापवून दुसऱ्या उंदरात बसवलं आणि ते चाललं. एका लहानशा अवयवाला एवढी यातायात.

पात्रांची दोन वयं लिहून ठेवा: जन्मापासूनचं आणि प्रत्यक्ष जगलेलं. नाहीतर तिसऱ्या प्रकरणात मुलगी आईपेक्षा मोठी होते आणि लेखकाच्या लक्षातच येत नाही.

कुणी मेलंच नाही तर पृथ्वी भरून जाईल ना?

मरणापेक्षा जन्मावर हे जास्त अवलंबून आहे. समजा मृत्यू पूर्ण थांबले आणि प्रत्येक जोडप्याला एकच मूल झालं. १०० जणांना ५० मुलं, त्यांना २५, त्यांना साधारण १२. ही बेरीज २०० च्या पुढे कधीच जात नाही. लोकसंख्या फार तर दुप्पट. दोन मुलं झाली तर दर पिढीला शंभरांची भर पडते, स्फोट होत नाही. तीन झाली की मात्र प्रत्येक पिढी आधीच्या दीडपट, मग आवरत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. तारुण्य तीनशे वर्षं टिकलं तर पंचवीसाव्या वर्षी एक मूल आणि दोनशे वर्षांनी दुसरं, हे मोह टळणार नाहीत. मग परवाना आला, परवान्याचा काळाबाजार आला, आणि दोनशे वर्षांच्या अंतराची भावंडं आली. त्यांच्यात भावंडांसारखं काय उरेल?

आयुष्य वाढलं पण म्हातारपणही वाढलं तर?

मग तो अश्वत्थामा. चिरंजीव झाला तोही भळभळत्या जखमेसकट. ययातीला हा फरक नेमका कळला होता, म्हणून त्याने पुरूकडे वर्षं मागितली नाहीत, तारुण्य मागितलं. कथेत सरासरी आयुर्मानाशेजारी धडधाकट वर्षं किती, हे स्वतंत्र ठरवा.

आयुर्मान कमी झालेलं भविष्य लिहिता येईल का?

येईल, आणि कमी लिहिलं जातं. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत कोविडमुळे जागतिक आयुर्मान सुमारे १.८ वर्षांनी घसरलं. सोव्हिएत संघ फुटला त्या काळात रशियन पुरुषांचं आयुर्मान १९९० ते १९९४ मध्ये साधारण सहा वर्षांनी कोसळलं. तिथे ना युद्ध झालं होतं, ना उल्का पडली होती. दारू, बेकारी आणि मोडलेली व्यवस्था एवढं पुरलं.

हजार वर्षं जगणाऱ्यांना कंटाळा येईल?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि मला तो सगळ्यात कमी रंजक वाटतो. कंटाळा पन्नाशीतही येतो. त्यापेक्षा भीतीकडे बघा. जगात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे १२ लाख माणसं जातात. मृत्यूचं दुसरं कोणतंही कारण उरलं नाही, फक्त एवढंच उरलं, तरी सरासरी आयुष्य सुमारे ६,७०० वर्षांवर अडतं. अशा जगात रस्ता ओलांडणं ही सर्वात मोठी जोखीम असेल. माणसं घराबाहेर पडतील का? आगीत उडी घेणारा अग्निशामक दलाचा जवान सापडेल का? की उलट, कधीतरी काहीतरी होणारच म्हणून बेफिकीर होतील?

दुसरं, खुर्ची. नवा विचार विरोधकांचं मन वळवून जिंकत नाही, विरोधक मरतात आणि नवी पिढी त्याच विचारात वाढते, अशा आशयाचं भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी लिहून ठेवलं आहे. विरोधक मरणारच नसतील तर? चारशे वर्षं एकच कुलगुरू, एकच न्यायाधीश, एकच हुकूमशहा. जन्मठेप म्हणजे किती, हेही नव्याने ठरवावं लागेल.

मंगळावर जन्मलेल्याचं वय कसं मोजायचं?

मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. पृथ्वीवरची ८० वर्षं म्हणजे तिथली साडेबेचाळीस. मंगळवासीयांनी पृथ्वीचा कायदा आकडे न बदलता उचलला तर तिथला तरुण आपल्या हिशेबाने चौतिसाव्या वर्षी सज्ञान होईल. कथेच्या सुरुवातीलाच कोणतं वर्ष वापरताय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. संवादात मात्र दोन्ही येऊ द्या, पृथ्वीवरून आलेली आजी आणि तिथे जन्मलेली नात यांचं वयावरून भांडण व्हायलाच हवं.